पावित्र्याची कसोटी

२७ ऑगस्ट २०२२ रोजी पोप फ्रान्सिस यांनी ज्यांना कार्डिनलपद दिले, त्यांत गोव्याचे आर्चबिशप फिलीप नेरी फेर्रांव होते. गोमंतकाला त्याचा अभिमान वाटणे स्वाभाविकच. पण त्याच सोहळ्यात हैदराबादचे आर्चबिशप अँथनी पूला यांच्या मस्तकावर चढलेली लाल टोपी अधिक विचार करावयास लावणारी आहे. दलित समाजातून आलेले ते पहिले कार्डिनल. भारतात ख्रिस्ती धर्म येऊन शतके लोटली, तरी त्यासाठी २०२२ साल उजाडावे लागले.

ख्रिस्ती मतानुसार ईश्वर परमपवित्र आहे. पावित्र्यासाठी बायबलमध्ये येणाऱ्या हिब्रू शब्दाच्या अर्थात वेगळेपणाची छटा आहे, त्यामुळे आपल्या सोवळ्याची आठवण होते. परंतु आमोस, यशया आदी संदेष्ट्यांनी बजावले की, गरिबांना नाडणाऱ्यांचे यज्ञ आणि सण परमेश्वराला मान्य नाहीत. म्हणजे हे पावित्र्य अन्यायाने दुखावते. स्पर्शाने विटाळत नाही. म्हणूनच येशूने कुष्ठरोग्याला हात लावला. ईश्वर न्यायी असल्याने पापाकडे डोळेझाक करीत नाही आणि दयाळू असल्याने पापाचा दंड क्रुसावर स्वतःच सोसतो, ही ख्रिस्ती श्रद्धा आहे.

या श्रद्धेच्या कसोटीवर आचरण मात्र उणे पडले. दक्षिणेत काही ठिकाणी चर्चमध्ये बसण्याच्या जागा आणि दफनभूमीही जातवार विभागल्या गेल्या. गोव्यातील कोंफ्रारीही जातिभेदातून सुटल्या नाहीत. अनुसूचित जातींसंबंधीच्या १९५० च्या राष्ट्रपती आदेशाचा लाभ १९५६ मध्ये शिखांना आणि १९९० मध्ये बौद्धांना मिळाला. दलित ख्रिस्ती बाहेरच राहिले. या प्रश्नाच्या अभ्यासासाठी २०२२ साली न्या. के. जी. बालकृष्णन आयोग नेमण्यात आला. शासनाकडे न्याय मागण्याचा दलित ख्रिस्त्यांचा हक्क आम्हांस मान्य आहे. पण तोच न्याय त्यांना प्रथम स्वतःच्या धर्मबांधवांकडून मिळावयास हवा.

यावरून हिंदूंनी कोणाला हिणवण्याचे कारण नाही. धर्मांतरितांच्या गाठोड्यातून जी जात गेली, ती आपल्याच घरातून गेली. तापल्या वाळूतून अस्पृश्याचे मूल कडेवर उचलणाऱ्या एकनाथांची कथा आपण भक्तिभावाने ऐकतो आणि घरी येऊन सोवळे सांभाळतो. देवाला पवित्र म्हणणारा कोणत्याही धर्माचा असो, मंदिराच्या दारापासून स्मशानापर्यंत त्याला न्यायाचा हिशेब द्यावाच लागेल.