उद्याचं संकट, कालचा कॉम्प्युटर

एक कल्पना करा. मोठं संकट आलंय. वीज अधूनमधून येते, इंटरनेट कायमचं बंद, नव्या चिप बनणं थांबलेलं. तुमचा फोन किती दिवस कामाला येईल? तो चार्ज झाला तरी बरीचशी अ‍ॅप्स सर्व्हर शोधत बसतील.

ही भीती विज्ञानकथांना नवी नाही. २००३ साली नव्याने आलेल्या ‘बॅटलस्टार गॅलॅक्टिका’मध्ये शत्रू कॉम्प्युटरमध्ये शिरून आधुनिक युद्धनौका बंद पाडतो. वाचते ती निवृत्तीला आलेली जुनी नौका, कारण तिथले कॉम्प्युटर एकमेकांना जोडलेलेच नसतात!

मला जास्त आवडते ती खऱ्या जगातली खटपट. व्हर्जिल द्युप्रा या प्रोग्रामरने २०१९ मध्ये ‘कोलॅप्स ओएस’ लोकांसमोर आणली. भंगारातून काढलेल्या भागांवर चालेल अशी ही ऑपरेटिंग सिस्टिम. त्याने आधी निवडली १९७६ची झेड-८० चिप, कारण ती असंख्य यंत्रांत सापडते.

१९८२च्या झेडएक्स स्पेक्ट्रममध्ये हीच चिप होती. मेमरी जास्तीत जास्त ४८ केबी, म्हणजे फोनवरचा एक फोटोही मावणार नाही. पण सुरू करताच बेसिक भाषा हजर, प्रोग्राम साध्या ऑडिओ कॅसेटवर साठवायचे. धान्याचा हिशेब, औषधांची यादी, पाण्याच्या पाळ्या एवढं त्यावर आरामात होईल. आणि मुख्य म्हणजे, मनावर घेतलं तर एकटा माणूस हे यंत्र आतून-बाहेरून समजून घेऊ शकतो, बिघडलं तर उघडू शकतो.

अर्थात जुनं म्हणजे अमर नव्हे. कॅपॅसिटर खराब होतात, कॅसेटच्या फिती झिजतात. मूळ झेड-८० चिपचं उत्पादन थांबवत असल्याचं कंपनीने २०२४ मध्ये जाहीर केलं. म्हणून मला वाटतं, खरा भरवसा यंत्रापेक्षा आपल्या समजेवर ठेवावा. जे आपल्याला कळतं आणि दुरुस्त करता येतं, तेच अडचणीत आपलं.

तेव्हा या सुट्टीत दोन कामं करा. घरातल्यांचे फोन नंबर आणि औषधांची नावं वहीत लिहून काढा. आणि आई-बाबांना, काका-मावशीला शाळेतल्या कॉम्प्युटरबद्दल विचारा. १९८४च्या सरकारी ‘क्लास’ योजनेतून देशातल्या काही शाळांत बीबीसी मायक्रो आले होते. कुणाला बेसिकच्या चार ओळी अजून आठवत असतील, तर त्याही त्याच वहीत उतरवून घ्या.