पुराव्याअभावी

२१ जुलै २०२५. नागापूर एमआयडीसीतली पहिली पाळी सुटली होती आणि मनमाड रस्त्यालगतच्या चहाच्या टपरीवर सगळ्यांच्या मोबाईलवर एकच बातमी होती. मुंबई लोकल बॉम्बस्फोट खटल्यातील बारा जणांना उच्च न्यायालयाने सोडले. आमच्या बरोबर काम करणाऱ्या एका मित्राने विचारले, "भाई, निर्दोष म्हणून सुटले की पुराव्याअभावी?" हा मित्र मनाने वाईट नाही. दर ईदला आमच्या घरी शीरखुर्मा पिऊन जातो. म्हणूनच त्याचा प्रश्न जास्त लागला. आम्ही चहा संपवला आणि घरी आलो. उत्तर आज देत आहोत.

'पुराव्याअभावी' हा शब्द मराठी वर्तमानपत्रांनी असा काही रुळवला आहे की जणू कायद्यात सुटकेचे दोन दर्जे आहेत. पहिल्या वर्गाचा निर्दोष आणि दुसऱ्या वर्गाचा, पुराव्याअभावीचा. कायद्यात असा दुसरा वर्ग नाही. गुन्हा शाबीत करण्याची जबाबदारी सरकारची आणि तो शाबीत होईपर्यंत माणूस निर्दोष. दुसरा वर्ग आहे तो टपरीवर, भाड्याने खोली देणाऱ्याच्या डोळ्यांत, नोकरीच्या अर्जावर.

आणि अभाव कसला होता? ११ जुलै २००६ च्या संध्याकाळी सात स्फोटांत १८९ माणसे मेली. तेरा जणांना पकडले. विशेष न्यायालयाने सप्टेंबर २०१५ मध्ये एकाला सोडले, पाच जणांना फाशी आणि सात जणांना जन्मठेप दिली. फाशीच्या पाचांपैकी एक जण २०२१ मध्ये नागपूरच्या तुरुंगात वारला. सुटकेचा निकाल त्याच्यासाठीही आला. न्यायमूर्ती अनिल किलोर आणि न्यायमूर्ती श्याम चांडक यांनी लिहिलेला हा निकाल सहाशे सत्तरहून अधिक पानांचा आहे. त्यात पुरावा 'नव्हता' असे नाही. पुरावा होता, पण तो असा होता: टॅक्सीवाल्यांनी शंभराहून अधिक दिवस गप्प राहून मग चेहरे ओळखले. ओळख परेड ज्या विशेष कार्यकारी अधिकाऱ्याने घेतली, त्याला त्या वेळी तो अधिकारच नव्हता. (आपल्याकडे विशेष कार्यकारी अधिकारी म्हणजे दाखल्यावर शिक्का मारून देणारा शेजारी. फाशीच्या खटल्यातही तो शिक्का चालून जाईल असे कुणाला तरी वाटले.) जप्त मालाची मोहोरबंदी धड नाही. स्फोटात कोणत्या प्रकारचा बॉम्ब वापरला तेही सरकारला सिद्ध करता आले नाही. आणि कबुलीजबाब! वेगवेगळ्या माणसांनी, वेगवेगळ्या अधिकाऱ्यांसमोर दिलेले, तरी त्यांतले मजकूर एकमेकांवरून उतरवल्यासारखे.

इथे थांबले पाहिजे. १८७२ च्या पुरावा कायद्याचे कलम २५ इंग्रजांनी लिहिले. पोलिसासमोर दिलेली कबुली आरोपीविरुद्ध शाबीत करता येणार नाही, असे ते सांगते. परक्या राज्यकर्त्यालाही आपले फौजदार ठाऊक होते. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमात हीच तरतूद कलम २३ मध्ये आहे. पण १९९९ च्या मोक्का कायद्याने कलम १८ मध्ये तिला बाजूची वाट काढली: पोलीस अधीक्षकाच्या दर्जाचा अधिकारी असेल तर कबुली चालेल. टाडाखालची अशीच तरतूद सर्वोच्च न्यायालयाने १९९४ मध्ये कर्तारसिंग खटल्यात वैध ठरवली, पण सोबत अटी घातल्या: कबुली मोकळ्या वातावरणात, आरोपीच्याच भाषेत घ्यावी आणि त्याला लवकर दंडाधिकाऱ्यासमोर न्यावे. उच्च न्यायालयाने अशा अटी खरोखर पाळल्या गेल्या का, एवढेच तपासले. यात नवे काय केले? पण तिसऱ्याच दिवशी, २४ जुलैला, राज्य सरकारच्या विनंतीवरून सर्वोच्च न्यायालयाने अंतरिम आदेश दिला. सुटलेल्यांना परत तुरुंगात जायला नको, मात्र हा निकाल पूर्वनिर्णय म्हणून वापरता येणार नाही.

पूर्वनिर्णय, आमच्या वडीलधाऱ्यांच्या बोलीत नजीर. तिचे मोल काय, हे आम्हांला बेस्ट बेकरीने शिकवले आहे. बडोद्यात २००२ मध्ये चौदा जणांचे जीव गेले, साक्षीदार फितूर झाले, २००३ मध्ये सगळे आरोपी सुटले. २००४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल रद्द करून खटला महाराष्ट्रात नव्याने चालवायला लावला. साक्षीदार भीतीने फिरत असतील तर न्यायाधीशाने मुकाट बसून पाहू नये, हा त्याचा अर्थ. ती नजीर मुसलमानांच्या मढ्यांवर उभी राहिली, पण ती मुसलमानांपुरती नव्हती. आमच्याच जिल्ह्यात, जामखेड तालुक्यातल्या खर्ड्याला, एप्रिल २०१४ मध्ये सतरा वर्षांच्या दलित मुलाचा खून झाला. नोव्हेंबर २०१७ मध्ये नगरच्या सत्र न्यायालयात सगळे आरोपी सुटले, कारण महत्त्वाचे साक्षीदार फितूर झाले. तेरा वर्षांची नजीर पुस्तकात होती, खर्ड्यापर्यंत पोहोचली नाही. त्या वेळी आमच्या मोहल्ल्यातून किती जण त्या आईबापांकडे गेले? आम्हीही गेलो नव्हतो. हे लिहून ठेवतो.

आता आमच्याच लोकांना अवघड वाटेल ते. लोकलच्या निकालानंतर दहा दिवसांनी, ३१ जुलैला, २००८ च्या मालेगाव स्फोटातील सातही आरोपी सुटले. त्या स्फोटात सहा माणसे गेली होती. आमच्यातलेच काही जण लगेच म्हणाले, "हे तर पुराव्याअभावी!" तोच शब्द, फक्त जीभ आमची. हे चालणार नाही. संशयाचा फायदा बारांना मिळाला तर सातांनाही मिळेल. आमचा राग निराळ्या जागी असला पाहिजे. मालेगावच्या खटल्यातून २०१७ मध्ये मोक्का निघाला, म्हणून त्यातले कबुलीजबाब बाद झाले. लोकलच्या खटल्यात तो टिकला, म्हणून फाशीपर्यंत गेले. लोकलच्या निकालाविरुद्ध सरकार दुसऱ्या दिवशी दिल्लीत होते. मालेगावच्या निकालाविरुद्ध मेलेल्यांच्या घरच्यांना सप्टेंबरमध्ये स्वतः उच्च न्यायालयात जावे लागले. आणि दोन्ही ठिकाणी, बॉम्ब ठेवले कुणी, ते आजही मोकळे.

मित्राला आता उत्तर देऊ. मोक्का मुळात टोळ्यांसाठी आहे आणि त्यात सापडणारी बहुतेक पोरे त्याच्या जातीची, आमच्या जातीची, कुणाच्याही जातीची असतात. उद्या नागापूरचाच एखादा पोरगा त्यात नगरच्या न्यायालयात उभा राहील. कबुलीजबाब दुसऱ्याच्या कबुलीवरून उतरवलेला निघेल. त्याचा वकील या निकालातली पाने काढील आणि सरकारी वकील उठून म्हणेल, महाराज, हा निकाल इथे दाखवता येत नाही.