बॅग भरताना कॅलेंडर नको, हवा पाहा

नाताळची सुट्टी जवळ आली की गावातल्या ट्रॅव्हल्सच्या गाड्या भरू लागतात. कुणी गणपतीपुळ्याला, कुणी मालवण-तारकर्लीला, कुणी गोव्याला, तर कुणी महाबळेश्वरला निघतो. परतल्यावर त्यातली काही मंडळी दवाखान्याच्या बाकावर दिसतात. कुणाला सर्दी, कुणाच्या बाळाच्या मानेवर घामोळे, कुणाचा दमा उसळलेला. "डॉक्टर, एवढे स्वेटर-मफलर घालूनही बाधलेच की हो!" ही तक्रार ठरलेली. माझे मत असे, की यातला बराचसा त्रास थंडीचा नसून आपल्या कपड्यांच्या निवडीचा असतो.

डिसेंबर म्हणजे थंडी, हे आपल्या देशावर खरे. कोकणात आणि गोव्यात मात्र या दिवसांतही दुपारचा पारा ३० अंश सेल्सिअसच्या पुढे जातो आणि रात्री तो सहसा १८ ते २० च्या आसपास राहतो. समुद्राचे पाणी सावकाश तापते आणि सावकाश निवते, त्यामुळे किनाऱ्यावर कडाका पडत नाही. उलट महाबळेश्वर साधारण साडेचार हजार फुटांवर आहे. तिथे दुपारी उन्हात शर्टावर फिरता येते, पण पहाटे वेण्णा तलावाच्या परिसरात काही वर्षी दवबिंदू गोठतात. म्हणजे एकाच राज्यात, एकाच दिवशी कपड्यांचा हिशेब वेगळा. आपण मात्र कपाटातले सगळे लोकरीचे कपडे काढतो आणि कुठेही जायचे असो, तेच घालतो.

कपडा स्वतः ऊब देत नाही, अंगाची ऊब राखतो, हे आधी समजून घ्यावे. धाग्यांमध्ये आणि दोन कपड्यांमध्ये अडकलेली हवा हे काम करते. म्हणून एका जाडजूड स्वेटरपेक्षा दोन-तीन पातळ कपडे एकावर एक घालणे चांगले. आत सुती बनियन, वर पूर्ण बाह्यांचा शर्ट, त्यावर पुढून उघडणारा हलका स्वेटर. ऊन चढले की एक काढावा, सांज झाली की पुन्हा चढवावा. जाड स्वेटरात घामाने भिजलेला माणूस संध्याकाळी वाऱ्यावर बसला, की ओले कपडे अंगातली ऊब झपाट्याने ओढून घेतात आणि हुडहुडी भरते. अशा वेळी आणखी एक शाल पांघरण्याआधी आतला ओला बनियन बदलावा.

खरी काळजी वाटते ती तान्ह्या बाळांची. दुपारी बारा वाजता समुद्रकिनारी बाळाला कानटोपी, स्वेटर, पायमोजे आणि वर दुपटे! बाळाला तोंडाने "गरम होते" सांगता येत नाही. ते किरकिरते, लाल होते, दूध घेत नाही. अंग तापलेले लागते आणि घरची मंडळी ताप समजून आणखी गुंडाळतात. बाळाचे डोके शरीराच्या मानाने मोठे असते आणि त्यातून बरीच उष्णता बाहेर पडते. ती वाटच टोपीने बंद होते. झोपलेल्या बाळाला अति गुंडाळणे जिवावरही बेतू शकते. तेव्हा हातपाय थंड लागले म्हणून घाबरू नये. मानेला मागून आणि पोटाला हात लावून पाहावा. तिथे घाम असेल तर एक कपडा कमी करावा. आपण घातले त्यापेक्षा एक पातळ कपडा जास्त, एवढा हिशेब बाळाला पुरतो. अगदी नवजात किंवा कमी वजनाच्या बाळाला जादा ऊब लागतेच, पण अशा बाळाला सहलीला नेऊच नये.

वर्षभर डांबरगोळ्यांत ठेवलेले स्वेटर आणि दुपटी तशीच बाळाला घालू नयेत. काही मुलांच्या रक्तात जी-६-पीडी नावाच्या घटकाची जन्मतःच कमतरता असते. त्यांच्या लाल पेशी या गोळ्यांच्या वासाने, संपर्काने फुटतात आणि कावीळ होते. दम्याच्या रुग्णांनाही तो वास आणि लोकरीतली धूळ सोसत नाही. कपडे आठ दिवस आधीच धुऊन कडक उन्हात वाळवावेत.

आणखी एक गोष्ट स्पष्ट सांगतो. बाळाला सर्दी झाली की "टोपी घातली नाहीस ना!" म्हणून साऱ्या घरादाराचा राग सुनेवर निघतो. सर्दी विषाणूंमुळे होते. थंड, कोरड्या हवेत ते अधिक टिकतात आणि बंद खोल्यांत, काचा लावलेल्या गाडीत एकाचे दुसऱ्याला मिळतात. कान उघडा राहिला म्हणून ती होत नाही. खोकणाऱ्या काकाने बाळाचा मुका घेतला, तर दहा टोप्याही बाळाला वाचवणार नाहीत. तेव्हा त्या माउलीला बोल लावणे सोडा आणि स्वतःचे हात साबणाने धुवा.

वृद्धांचे गणित मात्र उलटे आहे. वयानुसार थंडीची जाणीव बोथट होते, कापरे कमी भरते आणि "मला काही होत नाही" म्हणत आजोबा पहाटे धोतर-सदऱ्यावर सूर्योदय पाहायला निघतात. थंडीत रक्तवाहिन्या आकसतात आणि रक्तदाब वाढतो. त्यांना स्वेटर, कानटोपी हवीच आणि गोळ्या वेळेवर हव्यात. मधुमेह असलेल्यांनी वाळूतही चप्पल काढू नये. पायाची संवेदना कमी असेल तर तापलेल्या वाळूचा चटका किंवा शिंपल्याची जखम कळतच नाही. पायावर वळ उमटवणारे घट्ट मोजेही टाळावेत.

कोकणासाठी सैल सुती कपडे, उन्हाची टोपी आणि रात्रीच्या प्रवासाला एक स्वेटर किंवा शाल पुरते. महाबळेश्वरसाठी त्यात एक जाड स्वेटर, मोजे आणि कानटोपी वाढवावी. दोन्हीकडे बदलायला जादा बनियन घ्यावेत. नवे जाकीट विकत घेण्याची काही गरज नाही. निघण्याआधी तिथले कमाल आणि किमान, दोन्ही तापमान पाहून घ्यावे आणि मगच बॅगेची चेन लावावी.