अकरा क्रमांकाची मुलगी आणि जमाखर्चाची वही

‘स्ट्रेंजर थिंग्ज’ ही अमेरिकन मालिका १५ जुलै २०१६ रोजी नेटफ्लिक्सवर सुरू झाली आणि पाच पर्वांनंतर २०२५ सालच्या अखेरीस संपली. विज्ञानकथा आणि भयकथा यांच्या मिश्रणातून तयार झालेल्या या मालिकेने जगभरच्या तरुण प्रेक्षकांना जवळजवळ दहा वर्षे खिळवून ठेवले. तिच्या केंद्रस्थानी एक लहान मुलगी आहे. डोक्यावरचे केस उतरवलेले, अंगात इस्पितळातला झगा, बोलायला मोजकेच शब्द आणि मनगटावर ‘०११’ हा आकडा गोंदलेला. तिला नाव नाही. क्रमांक हेच तिचे नाव. ही ‘इलेव्हन’, म्हणजे अकरा, केवळ मनाच्या बळावर वस्तू हलवते, दूरवरच्या माणसांचा माग काढते, आणि शक्ती वापरली की तिच्या नाकातून रक्त येते.

वडीलधाऱ्यांनी असल्या मालिकेला भुताखेतांचा पोरखेळ म्हणून झटकून टाकावे आणि मुलांनी तिच्यातल्या राक्षसांवर खूश व्हावे, हे घरोघरी घडत आले आहे. दोघांच्याही नजरेतून एक गोष्ट निसटते. या कथेतला राक्षस आपणहून येत नाही. सरकारी पैशावर चालणारी एक प्रयोगशाळा त्याला वाट मोकळी करून देते.

कथा सुरू होते १९८३ साली, इंडियाना राज्यातल्या हॉकिन्स या कल्पित गावात. गावाबाहेरच्या प्रयोगशाळेवर ऊर्जा खात्याची पाटी आहे, आत डॉ. मार्टिन ब्रेनर लहान मुलांवर प्रयोग करीत आहेत. अकराला ते स्वतःला ‘पपा’ म्हणायला लावतात. तिने ऐकले तर कौतुक, नाही ऐकले तर अंधारकोठडी. रशियनांवर हेरगिरी करण्यासाठी तिला पाण्याच्या टाकीत उतरवले जाते, आणि त्या शोधात तिचा स्पर्श एका भयंकर प्राण्याला होऊन दुसऱ्या जगाचे दार उघडते. तिची आई टेरी आइव्हज ही सरकारी प्रयोगात सामील झालेली तरुणी. आपण गरोदर आहोत याची तिला कल्पना नव्हती. मूल जन्मताच काढून घेण्यात आले आणि ते दगावले असे तिला सांगण्यात आले. त्या प्रयोगाचे नाव मालिकेत ‘एमके-अल्ट्रा’ असे दिले आहे, आणि हे नाव मात्र कल्पित नाही.

खऱ्या प्रयोगशाळा

अमेरिकेच्या सी.आय.ए. या गुप्तहेर संघटनेने ‘एमके-अल्ट्रा’ हा कार्यक्रम १९५३ साली हाती घेतला. सिडनी गॉटलीब हे रसायनशास्त्रज्ञ त्याचे सूत्रधार होते. कम्युनिस्टांनी माणसाच्या मनावर ताबा मिळवण्याची विद्या साध्य केली आहे, या भीतीतून तो जन्मला. एलएसडीसारखी द्रव्ये, संमोहन, विजेचे झटके असे नाना उपाय माणसांवर, अनेकदा त्यांच्या नकळत, करून पाहण्यात आले. फ्रँक ओल्सन या लष्करी शास्त्रज्ञाला नोव्हेंबर १९५३ मध्ये न सांगता एलएसडी देण्यात आले. काही दिवसांतच न्यूयॉर्कमधील हॉटेलच्या खिडकीतून पडून तो मरण पावला. त्याच्या कुटुंबाला खुलाशासाठी १९७५ सालापर्यंत थांबावे लागले.

शीतयुद्धाच्या काळात अशा गोष्टी अपरिहार्य असतात, असा युक्तिवाद केला जातो. तो करणाऱ्यांनी १९४७ साल आठवावे. त्या वर्षी न्यूरेंबर्ग येथे अमेरिकन न्यायाधीशांनीच नाझी डॉक्टरांना शिक्षा सुनावताना, माणसाच्या स्वेच्छेच्या संमतीवाचून त्याच्यावर प्रयोग करता येणार नाही, हे तत्त्व घालून दिले होते. तत्त्व ठाऊक होते. ते शत्रूपुरते राखून ठेवण्यात आले.

मालिकेतल्या प्रयोगशाळेवर ऊर्जा खात्याची पाटी असणे हेही पूर्णपणे निराधार नाही. मॅसॅच्युसेट्स राज्यात मंदबुद्धी ठरवलेल्या मुलांसाठी फर्नाल्ड नावाची निवासी शाळा होती. १९४६ ते १९५३ या काळात तेथील मुलांना किरणोत्सर्गी लोह आणि कॅल्शियम मिसळलेला नाश्ता देऊन शरीरातील शोषणाचा अभ्यास करण्यात आला. या संशोधनाला मदत देणाऱ्यांत एक ओटची कंपनी होती आणि अणुऊर्जा आयोगही होता. याच आयोगाचे काम पुढे ऊर्जा खात्याकडे आले. मुलांचा ‘विज्ञान मंडळ’ असा गट करण्यात आला, त्यांना जादा दूध आणि बेसबॉलचे सामने पाहण्याची संधी देण्यात आली. पालकांना गेलेल्या पत्रांत किरणोत्सर्गाचा शब्दही नव्हता. ज्या मुलांना भेटायला फारसे कोणी येत नव्हते, त्यांना सामन्याच्या तिकिटाचे मोल किती वाटले असेल? डॉ. ब्रेनर यांचे ‘पपा’पण यापेक्षा निराळे नव्हते.

खोट्याने जे मिळाले

येथे मालिकेच्या कर्त्यांकडे एक तक्रार नोंदवावी लागते. त्यांनी प्रयोगशाळेला यश देऊन टाकले आहे. हॉकिन्सच्या क्रौर्यातून अतींद्रिय शक्तीची मुलगी निर्माण होते. म्हणजे साधन वाईट असले तरी फळ अद्भुत होते, अशी समजूत प्रेक्षकाच्या मनात नकळत रुजते. प्रत्यक्षात तसे काहीच घडले नाही. मनावर ताबा मिळवण्याची गुरुकिल्ली ‘एमके-अल्ट्रा’ला सापडली नाही. मनःशक्तीने दूरचे पाहून हेरगिरी करण्याचा निराळा उद्योगही अमेरिकन सरकारने १९७०नंतरच्या दशकात आरंभला. सुमारे २ कोटी डॉलर खर्ची पडल्यावर, हेरगिरीच्या कामी त्याचा उपयोग झाला नाही असा निष्कर्ष निघून तो १९९५ साली बंद करण्यात आला. लाभ शून्य आणि किंमत मात्र ज्यांना कुणी विचारलेच नाही त्यांनी मोजली, असा हा हिशेब आहे.

आणि हा हिशेब जगापुढे आला तो हिशेबाच्याच कागदांमुळे. १९७३ साली सी.आय.ए.चे संचालक रिचर्ड हेल्म्स यांच्या हुकमावरून ‘एमके-अल्ट्रा’च्या फायली नष्ट करण्यात आल्या. १९७५च्या चौकश्यांना त्यामुळे फारसा पुरावा मिळाला नाही. परंतु अर्थसंकल्प व हिशेब शाखेने आपल्याकडचे कागद १९७० सालीच जुन्या दप्तरांच्या कोठारात पाठवले होते, आणि ते जाळणाऱ्यांच्या हाती लागले नाहीत. अमेरिकेत १९६६ साली मंजूर झालेला माहिती-स्वातंत्र्याचा कायदा हा भारतातील २००५च्या माहिती अधिकार कायद्याचा वडीलभाऊ. त्याखाली जॉन मार्क्स या लेखकाने केलेल्या अर्जामुळे शोध घेताना १९७७ साली सात खोकी सापडली. पावत्या, मंजुऱ्या, खर्चाची टिपणे अशी काही हजार पाने! त्यांवरून सिनेटसमोर सांगता आले की, या कार्यक्रमाचे १४९ उपप्रकल्प होते, ते ८० संस्थांत पसरले होते आणि त्यांत ४४ महाविद्यालये व विद्यापीठे होती. शास्त्रज्ञांचे निष्कर्ष जळाले. कारकुनांची बिले राहिली. कचेरीतल्या नीरस कामाला नाके मुरडणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावे.

फर्नाल्डच्या मुलांचेही तसेच झाले. १९९३च्या अखेरीस जुने कागद उजेडात आले. १९९५ साली राष्ट्राध्यक्ष क्लिंटन यांनी शीतयुद्धकालीन किरणोत्सर्गाच्या प्रयोगांबद्दल सरकारच्या वतीने क्षमा मागितली, आणि १९९८ साली १८ लाख ५० हजार डॉलरच्या भरपाईची तडजोड झाली. तोवर नाश्ता खाणारी ती मुले उतारवयाला लागली होती.

अकरा प्रेक्षकांना आवडते याचे कारण उघड आहे. तिच्यापाशी दरवाजे फोडण्याचे बळ आहे. तिच्यावर अन्याय करणाऱ्यांना ती स्वतः शासन करू शकते. दुबळ्याच्या हाती असे बळ यावे ही इच्छा फार जुनी आहे आणि तिच्यात गैर काही नाही. पण अनाथालयात, वसतिगृहात, इस्पितळाच्या खाटेवर असलेल्या खऱ्या मुलांना ते बळ मिळत नाही. त्यांच्या वतीने उभा राहतो तो संमतीचा प्रामाणिक अर्ज, खर्चाची तपासणी करणारा लेखापरीक्षक आणि ‘हे पैसे कशासाठी?’ असे विचारण्याची मुभा असलेला नागरिक. राष्ट्रहिताच्या नावाखाली एखाद्या खात्याला जेव्हा या तिघांतूनही सूट मिळते, तेव्हा तेथे माणसांना क्रमांक पडू लागतात.

मालिकेत माइक नावाचा एक शाळकरी मुलगा अकराला ‘एल’ म्हणून हाक मारतो आणि क्रमांकाची मुलगी त्या क्षणापासून माणसांत येते. फर्नाल्डच्या मुलांना नावे होतीच. फक्त ती त्यांच्या वतीने घेणारे कुणी चाळीस वर्षे पुढे आले नाही.