निषेधाच्या खलित्यामागे नकाशा हवा

१० ऑगस्ट १९९९. कारगिलचे युद्ध थांबून जेमतेम पंधरा दिवस झाले होते. कच्छच्या रणाजवळ पाकिस्तानी नौदलाचे 'अटलांटिक' हे टेहळणी विमान भारतीय वायुदलाच्या मिग-२१ ने पाडले. विमानातील सोळाही जण ठार झाले. विमान निःशस्त्र होते, प्रशिक्षणाच्या उड्डाणावर होते, आमच्याच हद्दीत होते, असा आक्रोश पाकिस्तानने मांडला. दुसऱ्याच दिवशी पत्रकारांना अवशेषांकडे नेणाऱ्या भारतीय हेलिकॉप्टरांच्या दिशेने पाकिस्तानातून क्षेपणास्त्र सुटले. ज्याची बाजू निर्मळ, त्याला पत्रकारांचे एवढे भय का वाटावे?

भारताच्या हाती त्या वेळी एक भक्कम कागद होता. ६ एप्रिल १९९१ रोजी उभय देशांनी हवाई हद्दभंग टाळण्याचा करार केला होता. लढाऊ, बॉम्बफेकी वा टेहळणी विमानांनी परस्परांच्या हवाई हद्दीपासून दहा किलोमीटरच्या आत येऊ नये, हे त्यात स्पष्ट नमूद आहे. अनवधानाने हद्दभंग झालाच, तर तातडीने चौकशी करून राजनैतिक मार्गाने दुसऱ्या देशाच्या वायुदलाला निष्कर्ष कळवावेत, अशीही तरतूद आहे. म्हणजे विमान सीमेच्या अलीकडे होते की पलीकडे, हा वाद क्षणभर बाजूला ठेवला, तरी ते तेथे असणे हाच करारभंग होता. पाकिस्तानने मात्र चौकशीऐवजी कांगाव्याचा मार्ग पत्करला आणि २१ सप्टेंबर १९९९ रोजी हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयाचे दार ठोठावले.

तेथे तत्कालीन ॲटर्नी जनरल सोली सोराबजी यांनी भारताची बाजू मांडली. राष्ट्रकुलातील देशांशी असलेले वाद या न्यायालयाच्या कक्षेत येणार नाहीत, हे भारताने १९७४ मध्येच घोषित करून ठेवले होते. (ब्रिटिशांच्या या वारशाचा आपल्याला झालेला हा एक दुर्मीळ लाभ!) २१ जून २००० रोजी १४ विरुद्ध २ अशा बहुमताने न्यायालयाने आपल्याला अधिकारक्षेत्र नसल्याचा निर्वाळा दिला. आपल्याकडे त्याचा विजयोत्सव झाला, तो स्वाभाविकच होता. परंतु हा विजय अधिकारक्षेत्राचा होता. विमान नेमके कोठे होते, यावर न्यायालयाने काहीच म्हटले नाही. उद्या असा प्रश्न एखाद्या व्यासपीठावर गुणदोषांवर लढवावा लागला, तर वकिली चातुर्यापेक्षा रडारच्या नोंदीच कामी येतील.

तुर्कस्तानचे उदाहरण याच दृष्टीने पाहावे. २४ नोव्हेंबर २०१५ रोजी त्याने सीरियाच्या सीमेवर रशियाचे सुखोई-२४ पाडले आणि पाच मिनिटांत दहा वेळा इशारा दिल्याचे व हद्दभंग सतरा सेकंदांचा असल्याचे सुरक्षा परिषदेला तत्परतेने लेखी कळवले. नोंदी चोख, पण रशियाने आर्थिक निर्बंध लादले आणि जून २०१६ मध्ये एर्दोगान यांना खेदाचे पत्र धाडावे लागले. सतरा सेकंदांसाठी एवढी किंमत मोजावी का, याचा विचार गोळी सुटण्यापूर्वीच व्हायला हवा.

पाकिस्तानच्या बाबतीत आपण बोलतो आणि करूनही दाखवतो. चीनच्या बाबतीत मात्र आपली भाषा फार पूर्वीपासून मवाळ राहिली. २९ नोव्हेंबर १९९६ च्या भारत-चीन करारातही लढाऊ विमानांसाठी दहा किलोमीटरचीच मर्यादा आहे. पण ती कोणत्या रेषेपासून मोजायची? प्रत्यक्ष ताबारेषेच्या मध्य क्षेत्राचे नकाशे २००० मध्ये एकमेकांना दिले गेले. पश्चिम क्षेत्राची देवाणघेवाण २००२ मध्ये फिसकटली, ती फिसकटलीच. ३ जून २०१७ रोजी उत्तराखंडातील बाराहोतीवर चिनी हेलिकॉप्टरे घिरट्या घालून गेली, तेव्हा बीजिंगने सीमावादाकडे बोट दाखवून हात झटकले. बाराहोती मध्य क्षेत्रात येते, जेथील नकाशे दोन्ही राजधान्यांच्या कपाटांत आहेत. निदान तेवढ्या क्षेत्रातील प्रत्येक घुसखोरीची वेळ, उंची व मार्ग दिल्लीने निषेधाच्या खलित्यासोबत जाहीर करायला काय हरकत आहे?