खुराड्याचा जमाखर्च

घरामागे थोडेसे परस, त्यात एक खुराडे, दहा-एक कोंबड्या आणि सांडपाण्यावर लावलेली टोमॅटोची चार रोपे, असा संसार गावाकडे आपल्या कितीतरी घरांत आहे. तो सांभाळते घरातली बाई. पण घराचे उत्पन्न किती असे विचारले, की नवऱ्याची मजुरी किंवा पगार तेवढा सांगितला जातो. कोंबड्यांचे काय? तर "त्या काय, हिंडतात आणि खातात!" मी कारकून माणूस. जे वहीत चढत नाही ते हिशेबात धरले जात नाही, हे रोज पाहतो. म्हणून आज खुराड्याचा जमाखर्च मांडू या.

गावरान कोंबडी वर्षाला ६० अंडी देते असे धरा. दहा कोंबड्यांची झाली ६००. त्यातली २५ खुडूक कोंबड्यांखाली ठेवली. २१ दिवसांत पिल्ले निघतात. घरात एक मुलगा, एक मुलगी असेल, तर दोघांना दिवसाआड एकेक अंडे, म्हणजे ३६५. उरली २१०. विकायची ती एवढीच.

पुष्कळ घरांत हा क्रम उलटा असतो. सगळी अंडी दुकानात जातात आणि त्याच पैशांतून मुलांना बिस्किटाचा पुडा येतो. एका अंड्यात सुमारे ६ ग्रॅम प्रथिने असतात. पुड्यात बहुतेक मैदा आणि साखर. घरचे अंडे देऊन आपण मैदा विकत घेतो. आणि अंडे शिजलेच, तर ते मुलाच्या ताटात पडते, मुलीच्या नाही. हेही थांबले पाहिजे.

आता नुकसानीची बाजू. मानमोडी आली की आठवडाभरात खुराडे रिकामे होते. तिला औषध नाही, लस आहे. पहिल्या आठवड्यात 'लासोटा' लसीचा एक थेंब डोळ्यात किंवा नाकात, चौथ्या आठवड्यात पुन्हा आणि आठव्या आठवड्याच्या सुमारास दुसऱ्या लसीची सुई. अडचण अशी, की लसीची लहानात लहान बाटलीही सहसा १०० पक्ष्यांची असते. ती बर्फात आणावी लागते आणि कालवल्यावर एक-दोन तासांत संपवावी लागते. एका घराला ती परवडत नाही. म्हणून वस्तीतल्या आठ-दहा भगिनींनी खुडूक कोंबड्या एकाच सुमारास बसवाव्यात, वर्गणी काढावी आणि पशुवैद्यकीय दवाखान्याशी बोलून एकच दिवस ठरवावा. कोंबडी एकेकीची असली, तरी लस सगळ्यांनी मिळूनच द्यावी लागते.

टोमॅटोचेही तसेच. हंगामात भाव पडतो, माल सडतो. पुढे तोच महाग घ्यावा लागतो. टोमॅटो चिरून चांगले उकळावेत. गरम पाण्यात उकळून घेतलेल्या अर्ध्या लिटरच्या काचेच्या बरणीत भरावेत, पाव चहाचा चमचा लिंबूसत्व घालावे, वर बोटभर जागा सोडावी आणि नवे घट्ट झाकण लावावे. मग बरणी पूर्ण बुडेल एवढ्या उकळत्या पाण्यात ४० मिनिटे ठेवावी. लिंबूसत्व विसरू नये. आंबटपणा कमी पडला तर बंद बरणीत विषारी जंतू वाढतात. म्हणूनच अंडी, रस्सा, शेंगभाज्या या रीतीने कधीही भरू नयेत. झाकण फुगले असेल, तर चवही न घेता बरणी टाकून द्यावी.

भगिनींनो, एक साधी वही घ्या. एका बाजूला अंडी, पिल्ले, बरण्या. दुसऱ्या बाजूला दाणे, लस, झाकणे. लिहिता येत नसेल तर शाळेत जाणाऱ्या मुलीकडून लिहून घ्या. घरात खाल्लेले अंडेही बाजारभावाने जमेस धरा. आणि विक्रीचे पैसे स्वतःच्या नावाच्या बचत खात्यात ठेवा. बांधवांनो, वर्षाअखेर ती वही एकदा वाचा. घर कोणाकोणाच्या कष्टावर चालते, ते आकड्यांत दिसेल.