औषधानं एकादशी मोडत नाही

गेल्या वर्षी ६ जुलैला आषाढी होती आणि माझ्या थोरल्या जाऊबाईंच्या ऑपरेशनचा तो एकविसावा दिवस होता. वजन कमी करण्याचं ऑपरेशन, त्यातलं ‘स्लीव्ह’. जठराचा पाऊण हिस्सा काढून टाकतात आणि केळ्याएवढी नळी मागे ठेवतात. आमच्या टेंभुर्णी-कंदर पट्ट्यात केळं कुणाला समजावून सांगावं लागत नाही, त्यामुळे डॉक्टरांनी कागदावर काढलेलं चित्र सासूबाईंच्याही लगेच लक्षात आलं. अशा पोटानं एकादशी कशी करायची, हे मात्र त्या कागदावर नव्हतं.

घर माळकरी. जाऊबाईंनी लग्न झाल्यापासून एकही एकादशी चुकवलेली नाही, बाळंतपणातसुद्धा. ऑपरेशनच्या आधी गळ्यातली माळ काढायला सांगितली तेव्हा त्यांच्या डोळ्यांतून पाणी आलं. नर्सबाईंनी ती माळ गॉजमध्ये गुंडाळली, वर चिकटपट्टी लावून नाव लिहिलं आणि माझ्या हातात दिली. त्या बाहेर येईपर्यंत मी मूठ सोडली नाही.

आषाढीला आमच्या गावाला उसंत नसते. पुण्याकडून येणाऱ्या आणि नगरकडून करमाळ्यावरून उतरणाऱ्या गाड्या इथंच पंढरपूरला वळतात. रस्त्याकडेला खिचडीच्या कढया, केळ्यांचे घड, चहाची पातेली. घरीही दहा-बारा वारकरी फराळाला होते. सगळ्यांची ताटं झाल्यावर सासूबाईंनी वाटीत दोन चमचे खिचडी घेतली आणि थोरल्या सुनेपुढं ठेवली. “देवाची एकादशी आहे, तोंडाला तरी लाव.” जाऊबाईंनी खाल्ली.

पाच मिनिटांत छातीच्या मधोमध कळ आली, तोंडाला फेस आला आणि मग उलट्या सुरू झाल्या. चिकट साबुदाणा त्या अरुंद नळीत बसला होता. सूर्य मावळेपर्यंत पाण्याचा घोटही ठरेना. रात्री दवाखान्यात सलाईन लावावं लागलं. सासूबाई बाकावर रात्रभर पदर तोंडाला लावून बसल्या होत्या. त्यांना मी दोष देत नाही. त्या दोन चमच्यांत माया होती आणि नेम चुकू नये ही काळजी होती. त्यांना कुणी काही सांगितलंच नव्हतं.

म्हणून आज सांगते. या ऑपरेशननंतर पहिले दोन आठवडे पातळ पदार्थ, पुढचे दोन-तीन आठवडे मिक्सरमधून काढलेलं मऊ, मग हळूहळू नरम अन्न, आणि साधारण दोन महिन्यांनी घरातलं जेवण, तेही चिमूटभर. पाणी दिवसाला दीड लिटर हवं, पण एका वेळी घोटभरच जातं. जाऊबाई खोकल्याच्या औषधाच्या झाकणानं पाणी प्यायच्या, दर काही मिनिटांनी एक झाकण. त्यामुळे चार-पाच तास पाणी वर्ज्य केलं तर ती तूट दिवसभरात भरून निघत नाही. ऑपरेशन झालेली माणसं पुन्हा दवाखान्यात येतात त्यामागचं एक मोठं कारण शरीरातलं पाणी कमी होणं हे असतं. शिवाय रोज साठ ग्रॅम तरी प्रथिनं लागतात, आणि साबुदाण्यात प्रथिनं जवळजवळ नसतातच. उलट्या दिवसेंदिवस चालू राहिल्या तर ‘ब-१’ जीवनसत्त्व इतकं उतरतं की चालताना तोल जातो, डोळ्यांना दोन-दोन दिसतं, मेंदूला कायमची इजा होऊ शकते. निर्जळी एकादशी अशा माणसानं करायचीच नाही. इथं मधला मार्ग नाही.

मग धर्माचं काय? हा प्रश्न मी हलका मानत नाही, कारण जाऊबाईंसाठी तो हलका नव्हता. उत्तर शोधायला काशीला जावं लागलं नाही. आपल्याकडं व्रताबाबत अडलं की ज्या ग्रंथाचा आधार घेतात तो ‘धर्मसिंधु’ पंढरपुरातच वास्तव्य असलेल्या काशीनाथ उपाध्याय ऊर्फ बाबा पाध्ये यांनी १७९० मध्ये पूर्ण केला. आमच्या घरापासून तासाभराच्या वाटेवरचं हे गाव. व्रत कशानं मोडत नाही, त्या आठ गोष्टी तिथं परंपरेप्रमाणे दिल्या आहेत: पाणी, कंदमूळ, फळ, दूध, हविष्य, ब्राह्मणाची इच्छा, गुरूचा शब्द आणि औषध. एकादशीचं बंधनही आठ वर्षांवरच्या आणि ऐंशीच्या आतल्या माणसालाच. ज्याला उपास झेपत नाही त्यानं फळ-दुधावर भागवावं, एकवेळ खावं. तेही होत नसेल तर मुलगा, भाऊ, नवरा किंवा बायको यांनी त्याच्या वतीनं करावं. दोनशे वर्षांपूर्वीच्या शास्त्र्यानं आजारी माणसासाठी एवढी वाट मोकळी ठेवली आहे. ती बुजवली आपल्या स्वयंपाकघरांनी.

इतर धर्मांतही हेच आहे. रमजानमध्ये आजाऱ्याला रोजे पुढं ढकलून नंतर भरून काढायची मुभा कुराणानंच दिली आहे. आपल्या सोलापूर जिल्ह्यातल्या जैन घरांत सूर्यास्तानंतर पाणी न घेण्याचा चौविहार पाळतात, त्यांनी तर ऑपरेशनच्या आधीच डॉक्टर आणि महाराजसाहेब दोघांशी बोलून घ्यावं.

बारीकसारीक अडचणीही असतात आणि त्या कागदावर नसतात. जीवनसत्त्वांच्या गोळ्या आयुष्यभर घ्यायच्या असतात. त्यातल्या बऱ्याच कॅप्सूलचं आवरण जिलेटिनचं, म्हणजे जनावराच्या हाडा-कातड्याचं असतं. माळकरी माणसाला हे कळलं की तो कुणाला न सांगता गोळ्याच बंद करतो, आणि हे फार वाईट. साधी गोळी किंवा शाकाहारी आवरणाची कॅप्सूल मिळते, मागून घ्या. प्रथिनांची ‘व्हे’ पावडर दुधापासूनची असते, ती उपासालाही चालावी असं माझं मत आहे. सत्यनारायणाचा शिरा, ज्यांचं वजनाचं ऑपरेशन ‘बायपास’ प्रकारचं झालंय त्यांनी जपूनच घ्यावा. साखर-तूप झपाट्यानं आतड्यात उतरलं की दरदरून घाम, धडधड आणि चक्कर येते. प्रसाद म्हणून बोटावरचा कण कपाळाला लावून जिभेवर ठेवला तरी तो प्रसादच. दंडवत आणि भरलेली घागर-कळशी उचलणं महिना-दीड महिना नको, टाके पोटाच्या भिंतीत असतात.

तीन-चार महिन्यांनी जाऊबाईंचे केस पुंजक्यानं गळू लागले. आळीत कुणी तरी म्हणालं, “आषाढी मोडली ना, त्याचं.” हे ऐकून त्या दोन दिवस जेवल्या नाहीत, म्हणजे जेवढं जेवायच्या तेवढंही नाही. वजन झपाट्यानं उतरलं आणि प्रथिनं, लोह कमी पडलं की केस गळतात आणि पुढं काही महिन्यांत परत येतात. देवाचा त्यात काही हात नाही. असं बोलणाऱ्यांची मला मनापासून चीड आली, अजून येते.

कार्तिकीला आम्ही पंढरपूरला गेलो. पायावर डोकं ठेवायच्या रांगेत तासन्‌तास उभं राहणं शक्य नव्हतं. नामदेव पायरीला हात लावला, कळसाचं दर्शन घेतलं. वारकऱ्याला तेवढं पुरतं, ही जुनी रीत आहे. जाऊबाईंच्या वाटची एकादशी त्या दिवशी मोठ्या भाऊजींनी केली. जन्मात उपास न केलेला माणूस दिवसभर दोन केळ्यांवर राहिला. सासूबाईंनी दर थोड्या वेळानं सुनेला पाण्याचं झाकण भरून दिलं.

डॉक्टरांना माझी विनंती आहे: ऑपरेशनच्या आधी साखर, रक्तदाब विचारता तसं ‘उपास कोणते करता’ हेही विचारा आणि उत्तर फाइलवर लिहा. कीर्तनकार बुवांना हात जोडून विनंती आहे: एकादशीच्या कीर्तनात एकदा तरी सांगा की औषधानं व्रत मोडत नाही. तुमचा शब्द आमच्या घरात डॉक्टरांच्या कागदाच्या आधी पोचतो. आणि ज्यांच्या घरी असं माणूस आहे त्यांनी येत्या एकादशीला त्याच्यापुढं खिचडीची वाटी ठेवू नये, पाण्याचा पेला भरून ठेवावा.